सतरंजीवर बसलेल्यांचे हात

वाशिम

वाशिमला कुणी मुद्दाम फिरायला जात नाही, असं निघण्याआधी मला तिघांनी सांगितलं. मीही हौसेनं गेले नव्हते. मी नानासाहेबांची भाषणं लिहिते. ते जिथं जातील तिथं मला जावं लागतं, आणि जाऊन आल्यावर पाहिलेलं लिहून ठेवायची मला खोड आहे. एरवी असं लिहिलेलं मी शेजारच्या दोघी-तिघींना वाचून दाखवते आणि विसरते. हे विसरता येत नाही म्हणून जरा नीट लिहिलंय.

नानासाहेब माजी मंत्री. सध्या त्यांच्याकडे खातं नाही, पक्षानं नेमलेलं निरीक्षकपण आहे. पण मंत्रिपद गेलं तरी सवयी गेल्या नाहीत. सांगलीहून निघालो तेव्हा आमच्यामागं दुसरी गाडी होती. तिच्यात नानासाहेबांची कापसाची गादी, दोन लोड, पाय शेकायचं यंत्र, वेताची आरामखुर्ची, साजूक तुपाचे डबे आणि या सगळ्यावर नजर ठेवणारा आचारी महादू. वाशिमच्या विश्रामगृहात पोचल्यावर पहिला तास तिथली गादी काढून आपली घालण्यात गेला. बाहेर कार्यकर्ते हार घेऊन ताटकळत होते आणि आत नानासाहेब पाय शेकत होते.

माझं चित्त हारांत नव्हतं आणि जेवणातही नव्हतं. माझ्या पर्समध्ये एक कागद होता, तो मीच टाइप केलेला होता, आणि दर अर्ध्या तासानं तो जागेवर आहे ना हे मी चाचपून बघत होते.

त्या कागदाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. केनवडच्या पुढं आत एक गाव आहे. त्याचं खरं नाव मी लिहीत नाही, बोरखेड म्हणू. एके काळी तिथं लाल बावट्याचा मोठा जोर होता. त्या जोरावर गावातल्या भूमिहीनांनी चाळीस एकर सरकारी पडीक जमीन मिळवली, सगळ्यांनी मिळून कसायची म्हणून सोसायटी काढली आणि तिच्या नावावर करून घेतली. पुढं बावटा गेला, पुढारी गेले, सोसायटी मात्र राहिली. आता त्या जमिनीवर सोलरच्या काचा बसवायच्या होत्या. कंपनी नानासाहेबांच्या व्याह्यांची. अडचण एवढीच होती की सोसायटीनं आपणहून तसा ठराव करायला हवा होता.

ठराव माझ्या पर्समध्ये होता. जमीन तीस वर्षांच्या करारानं कंपनीला द्यावी, गावातल्या तरुणांना कामावर घ्यावं, असं वरच्या परिच्छेदांत. सगळ्यात खाली एक वाक्य होतं: ‘सदर ठरावान्वये संस्था विसर्जित झाली असे समजण्यात येईल व सदर जमिनीवर संस्थेचा अथवा सभासदांचा कोणताही हक्क यापुढे राहणार नाही.’ म्हणजे तीस वर्षांनी जमीन परत घ्यायला सोसायटीच उरणार नव्हती. ते वाक्य वकिलांनी सांगितलं होतं. टाइप माझ्या बोटांनी केलं.

‘कागद आधी कुणाच्या हातात द्यायचा नाही, देसाईबाई,’ नानासाहेब म्हणाले. ‘सभेत काढायचा, सह्या घ्यायच्या, निघायचं.’

मी हो म्हटलं. मी राहते ती खोली नानासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या वसाहतीत आहे. तिथं हो म्हणायची सवय लागते.

रिसोड

सकाळी रिसोडला थांबलो. सोयाबीन बाजारात आलेलं होतं आणि पोत्यांची थप्पी रस्त्यापर्यंत होती. आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात, इकडे जीपच्या टपावर बसलेली माणसं आणि सोयाबीन. नानासाहेबांना कुठंतरी चांगली कचोरी मिळते असं कळलं होतं. ती शोधण्यात पाऊण तास गेला. सापडली, त्यांनी चार खाल्ल्या, मग पित्ताची गोळी शोधण्यात आणखी वीस मिनिटं. तोवर एक शेतकरी खिडकीशी येऊन मला म्हणाला, ‘कोनाची गाडी हाय? कायले उभी केली इथं? मागं बैल खोळंबले ना.’ सांगलीत लाल पाटीच्या गाडीला असं कुणी बोलणार नाही. मला त्याचं बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली, कारण बोरखेडला अशीच माणसं असणार हे लक्षात आलं.

बोरखेड

गावात शिरताना एक कमान लागते. तिच्यावरची लाल अक्षरं उन्हानं इतकी उतरलीत की वाचता येत नाहीत. बावट्याचा लोखंडी खांब अजून चौकात आहे, त्याच्यावरून आता केबलची वायर गेली आहे. पक्षाच्या कचेरीत मोबाईल रिचार्जचं दुकान. एका विहिरीला मात्र सगळे अजून ‘कामरेट विहीर’ म्हणतात. त्या नावाचा अर्थ मी एका शाळकरी मुलीला विचारला, तर ती म्हणाली, ‘कामरेट म्हंजे जिचं पानी सगळ्याइले भेटते ते.’

गाव बिनसलेलं होतं हे कळायला वेळ लागला नाही. सोसायटीत पहिल्यापासून बौद्ध आणि कुणबी, दोन्हीकडची भूमिहीन कुटुंबं एकत्र होती. हे एकत्रपण गावाची शान होती म्हणे. सोलरची बातमी आल्यापासून गावाचे दोन तट पडले, आणि तेही जातीवर पडले नाहीत, घराघरातून पडले. भाऊ भावाच्या दळणाच्या गिरणीत जाईना. एका लग्नाची पत्रिका अर्ध्याच गावाला गेली.

नानासाहेब मुक्कामाला परत रिसोडला गेले, गादी एव्हाना वाशिमहून तिथल्या विश्रामगृहात हलवली होती म्हणून. मला गावात ठेवलं, ‘वातावरण बघा’ असं सांगून. मी उतरले सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंकडे. त्यांचं नाव सुशीलाबाई. सत्तरीच्या असतील. घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली चाळीस एकराचा नकाशा, तोही चौकटीत घालून टांगलेला. मी चपला काढतेय तोवर त्यांनी विचारलं, ‘तू कोनाची?’

आमच्याकडे पाहुणीला आधी चहा विचारतात, मग गाव, मग हळूच बाकीचं. इथं उलटं. मी म्हटलं, मी भाषणं लिहिते.

‘दुसऱ्याची?’

‘हो.’

‘मंग तुया मनातलं कवा बोलतं?’ त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता भाकरी थापायला बसल्या. ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ठेचा. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी गुळाचा खडा पुढं केला आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

जेवणानंतर अंगणात चार बाया जमल्या. बोलता बोलता मी त्यांना शेतातलं झाड दाखवायला हात वर केला, तर शेजारच्या बाईनं माझं मनगट धरून खाली आणलं. मी दचकले. सुशीलाबाई म्हणाल्या, ‘सवय हाय तिले. आमच्या इथं चार जन बसले का हात वर करत नाई कोनी.’

त्यांनी सांगितलेलं असं. लाल बावट्याच्या काळापासून सोसायटीचा निर्णय हात वर करून होतो. सभेत जो सतरंजीवर बसेल त्याला मत, मग तो सभासद असो की पाहुणा. फुकट ऐकायला म्हणून कुणी बसायचं नाही. खुर्चीवर बसला तर मत नाही आणि बोलायचंही नाही. आधी जुनी व्यवस्था मताला टाकायची: आहे तसं राहू द्यायचं का? बसलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त हात वर गेले तर राहिलं. नाही गेले तर नवा ठराव मंजूर. आणि हात एकदा वर गेला की तो मोजायचा, कशासाठी गेला हे विचारायचं नाही.

‘असं काहून?’ मी त्यांच्याच बोलीत विचारायचा प्रयत्न केला.

‘नागपूरचा मोठा पुढारी आलता एकदा, आमचाच, बावट्याचा. टोपी सरळ कराले हात वर केला त्यानं, आन् मोजल्या गेला. लय चिडला. म्हने, मी टोपीसाठी केलता. आमी म्हनलं, नाई. कारन इचारत बसलो तं गरिबाचा हात एकदा वर जाते, आन् मोठ्या मानसाचा हात दर खेपेले दुसऱ्या कारनानं वर जाते.’

बाया गेल्यावर त्या माझ्याजवळ सरकल्या. ‘तुया सायबाचा कागद तुयाजवळ हाय ना?’

मी नाही म्हणू शकले असते. पण त्यांनी मला आपल्या हातानं वाढलं होतं, आणि कागद पर्समध्ये आहे हे माझ्या तोंडावरच दिसत असणार.

‘एका डोयाचं आपरेशन झालं, दुसऱ्याचं राह्यलं. बारीक अक्षर दिसत नाई,’ त्या म्हणाल्या. ‘आमचा सचिव वामनराव वाचून देईन, पन त्याच्या नातवाले कंपनीत काम देतो म्हनलं, तं तो कसा वाचन कोन जाने. तू बाईमानूस हाय. तू वाच.’

मी कागद उलगडला. वाचायला सुरुवात केली. तीस वर्षांचा करार, तरुणांना काम, कुंपण, रस्ता. त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. शेवटच्या वाक्यापाशी आले आणि मला माझी खोली दिसली, खिडकीतलं तुळशीचं रोप, नानासाहेबांचा चेहरा. मी कागदाची घडी घातली.

‘झालं?’ त्यांनी विचारलं.

‘झालं,’ मी म्हटलं.

‘तीस सालानं जमीन वापस येते मंग.’

मी घडी पर्समध्ये ठेवत राहिले. त्यांनी ते हो म्हणून घेतलं. ‘मी तं भलतंच भेऊन राह्यली होती,’ त्या म्हणाल्या, अंथरूण टाकलं आणि दहा मिनिटांत गाढ झोपल्या. मला मात्र झोप लागली नाही. उठून बसले की नकाशा दिसायचा.

सभा

सभा दुसऱ्या दिवशी जमिनीवरच होती, तुरीच्या कडेला. सभेआधी रोडग्याचं जेवण हा सोसायटीचा रिवाज. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. दोन्ही तटांची माणसं एकाच पंगतीला बसली होती, पण एकमेकांकडे बघत नव्हती. वाढणारी माणसंही आपापल्या बाजूलाच वाढत होती.

नानासाहेब अकरा वाजता आले. गोवऱ्यांच्या राखेतलं खायचं म्हणून त्यांनी आधी नाक मुरडलं, महादूला वेगळी चूल मांडायला सांगितली. मग कुणीतरी त्यांच्या समोर रोडगा फोडला, त्यातून वाफ निघाली, आणि नानासाहेबांनी तुपाचा डबा मागवला. एक, दोन, पाच. सातव्याला त्यांनी पट्टा सैल केला. मला मोजायची हौस नव्हती, पण भीतीत माणूस काहीतरी मोजत राहतो.

सतरंजी अंथरली. महादूनं आरामखुर्ची आणून ठेवली. सचिव वामनराव, अंगानं काटकुळे, धोतरातले, नम्रपणे म्हणाले, ‘खुर्चीवर बसा ना सायेब, आराम वाटन. फक्त बोलता येनार नाई मंग.’

भाषण मी लिहिलेलं होतं, आणि न बोलता नानासाहेब कुठूनही परत आलेले मला आठवत नाहीत. त्यांनी लोड मागवले आणि सतरंजीवर बसले. मला शेजारी बसवलं. भाषण बावीस मिनिटं झालं. कष्टकऱ्यांच्या लाल रक्ताचा उल्लेख मी मुद्दाम घातला होता, त्याला कुणी टाळी वाजवली नाही.

वामनरावांनी विचारलं, ‘ठराव कोनी वाचला का? का आता वाचाचा?’

माझा हात पर्सवर होता. आता वाचायला सांगतील, आणि ते वाक्य सगळ्यांसमोर येईल, सुशीलाबाई माझ्याकडे बघतील. पण त्याआधीच त्या उठून म्हणाल्या, ‘मी वाचून घेतला काल. तीस सालाचा करार हाय. पोट्ट्याइले काम भेटते, जमीन वापस येते. मी अडवत नाई कोनाले. ज्याले जसं वाटते तसा हात करा.’ आणि खाली बसल्या.

कागद वाचायची गरजच उरली नाही. नानासाहेबांनी माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली. एका म्हाताऱ्या बाईचा शब्द गावासाठी पुरेसा होता, आणि तो शब्द माझ्यामुळे खोटा झाला होता.

वामनरावांनी माणसं मोजली. तेवीस सभासद, दोन पाहुणे, पंचवीस. जमीन वाचायला तेरा हात हवे. ‘जमीन सोसायटीकडंच राहावी असं ज्याईले वाटते त्याईनं हात वर करा,’ ते म्हणाले.

हात गेले. हळूहळू, एकमेकांकडे न बघता. वामनराव मोठ्यानं मोजत होते, सात, आठ, नऊ. काल माझं मनगट धरणारी बाई, तिची सून, वरण वाढणारा एक म्हातारा. अकरा. बारा. तिथं थांबलं.

सुशीलाबाईंचा हात मांडीवर होता.

तेरावा हात माझा असू शकत होता. सतरंजीवर बसून हात खाली ठेवणं म्हणजे जमीन देऊन टाकणं, हे त्या सतरंजीवर मला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. मी हाताकडे बघितलं. तो पर्सच्या पट्ट्याभोवती आवळलेला होता आणि तसाच राहिला. मी खोटं लिहिणार नाही. तो हलला नाही.

वामनराव म्हणाले, ‘बारा. आनखी कोनी?’

नानासाहेबांचं लक्ष नव्हतं. सात रोडगे पोटात होते, ऊन चढलेलं, भाषण झालेलं. त्यांना तहान लागली होती. महादू लांब चुलीपाशी पाठमोरा होता. नानासाहेबांनी रिकामा पेला घेतला आणि त्याला दिसावा म्हणून हात चांगला उंच केला.

‘महादू, ताक.’

‘तेरा,’ वामनराव म्हणाले, आणि वहीत लिहायला खाली वाकले.

आधी कुणाला कळलं नाही. मग बायांच्या बाजूनं एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते मला सांगता येणार नाही. नानासाहेब पेला धरून इकडेतिकडे बघत होते. कुणीतरी त्यांना समजावलं तेव्हा ते लाल झाले. ‘अहो, मी ताक मागत होतो.’

‘ताक भेटन ना सायेब,’ वामनराव म्हणाले. ‘थंड हाय, मडक्यातलं. पन हात मोजल्या गेला.’

मी वामनरावांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा स्वतःचा हात वर गेला नव्हता. नातवाची नोकरी त्या एका आकड्यानं गेली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं मोजली होती. वहीतही तेरा नीट लिहिले, मी पाहिले.

नानासाहेब गाडीकडे गेले, मांडी घालून पाय आखडले होते म्हणून लंगडत. मी जवळ गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, ‘कागद जपून ठेवा. पुढच्या सभेला परत येऊ. म्हातारी आपल्या बाजूनं आहे, ते महत्त्वाचं. तुम्ही ते काम छान केलंत.’

निघताना

माझी पिशवी घ्यायला घरी गेले. सुशीलाबाईंनी पाच रोडगे फडक्यात बांधून ठेवले होते. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

‘वाटेत खाजो,’ त्या म्हणाल्या. ‘तुया सायबाची गंमत झाली. पन तुले मी इसरनार नाई बाई. आजवर शिकलेल्या मानसानं आमच्यापाशी बसून कागद वाचला नवता. तू वाचला, म्हून मले झोप लागली.’

फडकं गरम होतं. ते घेऊन मी निघून जाऊ शकत होते. जमीन वाचली होती, कुणाचं काही गेलं नव्हतं, असं स्वतःला सांगत सांगलीपर्यंत गेले असते. पण कागद परत येणार होता, आणि त्या पुन्हा म्हणणार होत्या की मी वाचून घेतलाय.

‘मी सगळा वाचला नव्हता,’ मी म्हटलं. ‘खाली एक वाक्य होतं.’

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘वाच.’

मी उभ्यानं वाचलं. माझा आवाज मलाच ऐकवेना. विसर्जित म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. यापुढे म्हणजे किती साल, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कायमचं.

त्या ओरडतील असं मला वाटत होतं, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या खाटेवर बसल्या. उजवा हात मांडीवरून उचलून त्यांनी समोर धरला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

‘या जमिनीसाठी लाठ्या खाल्ल्या मी,’ त्या म्हणाल्या. ‘पोटुशी होती तवा जेलात गेली. कदी खाली नवता राह्यला हा हात. आज राह्यला.’

बाहेर हॉर्न वाजतच होता. त्यांनी माझ्या हातातलं रोडग्याचं फडकं परत घेतलं नाही. मी कागद त्यांच्या खाटेवर ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.